पोल्ट्री हा शब्द मी बंद केला होता

टेंपो पुरता थांबायच्या आत ती बाई उतरली. गाऊनवर ओढणी, पायात दोन वेगवेगळ्या चपला, आणि कडेवर पोर घ्यावं तशी घेतलेली पंख्याची जळकी मोटर. ती तिनं माझ्या टेबलावर आदळली. माझा चहाचा कप खाली गेला.

"तुमीच का त्या मोटारवाल्या मावशी?"

मी हो म्हटलं.

"मग नेटवर का नाय तुमी? साडेबारापासून फोनला इचारतेय मी. तिकडं माझे पक्षी मरतायत."

मे महिना होता, दुपारचे अडीच वाजले होते. बाईचं नाव सुनंदा. चौक गावाच्या अलीकडे आतल्या एका गावात तिची पोल्ट्री. शेडमध्ये तीन हजार दोनशे पक्षी, अडतीस दिवसांचे, म्हणजे अंगानं भरलेले. एवढ्या मोठ्या कोंबडीला ऊन सोसत नाही, तिला सतत वारा लागतो. शेडला पाच मोठे पंखे. लाईट गेली, आली, आणि येताना असा दणका देऊन आली की पाचातले तीन पंखे जळाले.

आम्ही नेटवर का नव्हतो, ते मला माहीत होतं. आमच्या दुकानाची नेटवरची जाहिरात मी चालवते. कोणत्या शब्दावर दुकान दिसायचं आणि कोणत्या शब्दावर नाही, हे मी ठरवते. तीन आठवड्यांपूर्वी 'पोल्ट्री' हा शब्द मी माझ्या स्वतःच्या बोटानं बंद केला होता.

या अंकाच्या संपादकांनी मला माझा प्रवास लिहायला सांगितलं आहे. प्रवास मी कर्जत ते खोपोली एवढाच केला, तोही बहुतेक टेंपोत मोटारींच्या शेजारी बसून. शाळा चौथीपर्यंत. नवरा साजगावच्या एका कारखान्यात जळक्या मोटारींना नवी तार भरायला शिकला आणि नंतर त्यानं कर्जतच्या भिसेगावात दुकान काढलं. तो तार भरायचा, मी फोन घ्यायचे. तो गेला. आता मुलगा मिलिंद आणि आमचा जुना मेकॅनिक काशिनाथ काम करतात. फोन अजून मीच घेते. एवढा प्रवास पुरे.

नेटवरची जाहिरात म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसाचा पंप बंद पडतो. तो फोनमध्ये लिहितो किंवा फोनला तोंडानं विचारतो, की पंप दुरुस्त कोण करतं. फोन त्याला नावांची यादी दाखवतो. यादीत सगळ्यांत वर जी दोन-चार नावं दिसतात, ती पुण्याईनं वर आलेली नसतात, पैसे भरून आलेली असतात. तुम्ही कंपनीला सांगून ठेवायचं की अमुक शब्द कोणी विचारला, तर आमचं नाव दाखव. माणसानं तुमच्या नावावर बोट ठेवलं की तुमचे पैसे कापले जातात, मग तो काम देवो नाहीतर शिव्या देवो. दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाइकानं पाय ठेवला म्हणून दुकानदाराकडून पैसे घ्यायचे, असा हा धंदा. हे ज्याच्या डोक्यातून निघालं तो नक्कीच चौथीच्या पुढं शिकलेला असणार.

मिलिंदनं सुरुवातीला हे काम पनवेलच्या एका जाहिरातवाल्या साहेबांना दिलं होतं. साहेब मला आधी 'आजी' म्हणायचे. नंतर मी प्रश्न विचारायला लागले तेव्हा 'मॅडम' म्हणायला लागले. त्यांनी आमचा सगळा धंदा एका पोत्यात भरला. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप, वॉशिंग मशीन, पिठाच्या गिरणीची मोटर, सगळं एकत्र. पोत्याला एकच तोंड आणि तोंडावर एकच पाटी: 'रायगडमधील सर्वोत्तम रिपेअर सेवा'. शब्द दिला होता 'रिपेअर', आणि यंत्राला मोकळीक दिली होती की त्याच्या आसपासचं काहीही चालेल.

फोन वाजायला लागले. साहेब खूश. म्हणाले, रीच बघा किती वाढलाय, म्हणजे जाहिरात किती जणांना दिसते ते. मी रीच बघत नव्हते, फोन घेत होते. पनवेलच्या एका आजोबांना कवळी जोडून हवी होती. अलिबागहून एकानं विचारलं, होडीचं इंजिन बघाल का. एका बाईच्या सोन्याच्या पाटल्यांचा फासा ढिला झाला होता. बोरिवलीच्या एका गृहस्थांना कर्जतमध्ये पंखे आणि एसी असलेली खोली शनिवार-रविवारसाठी हवी होती, पोहायच्या तलावासकट. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडं टबात पाणी आहे, पंप बुडवून बघायला, त्यात बसा.

बोरिवलीच्या माणसाला आमची जाहिरात दिसते कशी, हे मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, त्यांना कर्जतमध्ये इंटरेस्ट आहे ना. चौकशी केल्यावर कळलं की जागा निवडताना दोन पर्याय असतात. एक, त्या जागी असलेली माणसं. दुसरा, त्या जागी असलेली आणि त्या जागेविषयी आवड असलेली माणसं. साहेबांनी दुसरा ठेवला होता, कारण तो आधीपासूनच निवडलेला असतो आणि बदलायला दोनदा बोट लावावं लागतं. कर्जतची आवड अख्ख्या मुंबईला आहे. त्यातल्या एकाचाही मिक्सर मी दुरुस्त केलेला नाही.

साहेबांचा करार संपला तेव्हा मी मिलिंदला म्हटलं, आता हे मी बघते.

तो म्हणाला, "आई, तुला इंग्रजी येत नाय."

"त्याला येत होतं. काय केलं त्यानं?"

मिलिंदनं पासवर्ड कागदावर लिहून दिला. तसा तो शहाणा आहे.

माझ्याकडं फोनची वही होती, पंचवीस वर्षांची. त्यात नावावरून पानं नव्हती, यंत्रावरून होती. कारण फोन करणारा आधी नाव सांगत नाही. आधी सांगतो, पंप बंद पडलाय. पंपाचं पान वेगळं, मिक्सरचं वेगळं, गिरणीचं वेगळं. प्रत्येक पानावर गाव, काय बिघडलं, आणि माणूस किती ओरडत होता, याची एक खूण. मी त्या वहीची पानं उचलली आणि नेटवर मांडली. पोतं रिकामं करून मडकी लावली, एवढंच. शहरात याला मोठं इंग्रजी नाव आहे आणि ते शिकवायचे वर्गसुद्धा आहेत, असं ऐकते.

प्रत्येक यंत्राची जाहिरात वेगळी. तिचे शब्द वेगळे, तिची हद्द वेगळी, तिच्या वेळा वेगळ्या. मिक्सरसाठी कोणी पाच किलोमीटरच्या पलीकडून येत नाही, म्हणून मिक्सर फक्त कर्जतपुरता. पंप जड, तो काढायला आम्हीच जातो, म्हणून पंप खालापूर, खोपोलीपर्यंत. वॉशिंग मशीन नेरळला, कारण तिथं रोज एक नवी बिल्डिंग उभी राहते आणि प्रत्येक बिल्डिंगचं पाणी क्षारानं पांढरं. फार्महाऊसच्या तलावाचे पंप शुक्रवार संध्याकाळ ते रविवार, कारण बाकीचे दिवस मालक मुंबईत असतो आणि माळी पंप बिघडलेला सांगत नाही.

शब्दही मी बदलले. साहेबांनी लिहिलं होतं 'सबमर्सिबल पंप रिपेअरिंग सर्व्हिसेस'. असं कोणी विचारतं का? मी टाकलं, 'पाणी वर चढत नाय'. 'मोटर गुरगुरते फिरत नाय'. 'मिक्सरमधून जळका वास'. 'मशीन कपडे पिळत नाही'. लोकांना यंत्राचं नाव ठाऊक नसतं, आपलं रडगाणं ठाऊक असतं. ती रडगाणी मी पंचवीस वर्षं ऐकली होती, इंग्रजी अक्षरांत लिहून घ्यायला मिलिंदची मदत लागली तेवढीच.

जाहिरातीखाली मी लिहिलं: 'सोमवारी बंद. बघायचेही पैसे पडतात. मोबाईल दुरुस्त करत नाही.' साहेबांना ते कुठून तरी दिसलं. त्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं, मॅडम, हे वाचून लोक बोटच लावणार नाहीत. मी म्हटलं, ज्यांनी लावू नये त्यांनी लावू नये म्हणूनच लिहिलंय. निम्मे फोन कमी झाले. कामं तेवढीच राहिली, पुढं वाढलीही. काशिनाथ म्हणाला, मावशी, आता जेवताना तरी घास गिळता येतो.

नेरळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी मात्र काही केल्या सुधारले नाहीत. त्यांना आमच्याशी बोलायचं असलं की दरवेळी नेटवर शोधायचे आणि जाहिरातीवर बोट लावून फोन करायचे. एका दिवसात अकरा वेळा. मी सांगितलं, अहो, नंबर साठवून ठेवा फोनमध्ये. ते म्हणाले, कशाला, तुम्ही वरच दिसता की. माणूस निवृत्त बँक अधिकारी होता.

आता त्या यादीकडं येते, कारण घोळ तिथं झाला.

नको त्या शब्दांची यादी असते. लोकांनी नेमकं काय विचारलं म्हणून आपली जाहिरात दिसली, हे कंपनी आपल्याला दाखवते. त्यातलं जे नको असेल ते आपण यादीत टाकायचं. मग तो शब्द कोणाच्या प्रश्नात आला की आपलं नाव लपतं. 'फुकट' टाकलं. 'घरच्या घरी कसे करावे' टाकलं. 'कोर्स', 'नोकरी', 'जुना विकणे', 'मोटरसायकल', 'कवळी'. रोज चारच्या चहाला चष्मा लावून मी ती यादी घेऊन बसायचे.

आणि मला त्याची चटक लागली. दुकानात बसून आयुष्यभर मला कोणाला नाही म्हणता आलं नव्हतं. दारात आलेल्याला या म्हणायचं, बसा म्हणायचं, चहा सांगायचा, आणि त्यानं वीस वर्षांपूर्वीचा मिक्सर पिशवीतून काढला तरी तोंड वाकडं करायचं नाही. इथं यंत्र मला विचारत होतं, सांगा मावशी, कोण नको? मी सांगत सुटले. सव्वाचारशे शब्द झाले. मिलिंदच्या मित्रांना मी ती यादी दाखवायचे, बायका सुनेचे दागिने दाखवतात तशी.

पंख्याच्या जाहिरातीत सुरुवातीला 'पोल्ट्रीचे पंखे' हा शब्द होता. आमच्याकडं पाच-सहा पोल्ट्रीवाले जुने गिऱ्हाईक आहेत. पण यंत्राला काय, पोल्ट्री म्हटलं की कोंबडी, कोंबडी म्हटलं की जेवण. सुट्ट्या लागल्या आणि रिसॉर्टचे आचारी फोन करायला लागले. एका शनिवारी सकाळी कोंबडीचे अकरा फोन आले. बारावा आचारी म्हणाला, दोनशे जिवंत पाठवा, गावठी असतील तर बरं. मी फोन ठेवला आणि यादी उघडली. पोल्ट्री, कोंबडी, चिकन, अंडी. मराठीत, इंग्रजीत, लोक जितक्या चुकीच्या प्रकारांनी लिहितात तितक्या प्रकारांनी. आणि एका जाहिरातीपुरतं नाही, सगळ्या दुकानावर. यादी मी कच्ची ठेवत नाही.

मिलिंदनं पाहिलं. "आई, पोल्ट्री कशाला काढतेस? आपली गिऱ्हाइकं हायत ना तिकडं."

"त्यांच्याकडं आपला नंबर हाय."

"आन् नवा कोण आला तर?"

"ज्याला आपली गरज हाय, त्याला आपण माहीत हाव," मी म्हटलं.

हे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक जुन्या दुकानदाराच्या तोंडात असतं. खोपोलीचा घड्याळवाला हेच म्हणायचा. त्याचं दुकान आता मोबाईलच्या कव्हरचं आहे. मी त्याला हसले होते.

तर सुनंदा. नऊ वर्षं साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ते सोडून सासूच्या जमिनीवर शेड घातली. नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. कोंबड्यांच्या कंपनीनं पिल्लं आणि खाद्य द्यायचं, हिनं शेड, लाईट आणि राबणं द्यायचं, वजन भरलं की कंपनी पक्षी उचलणार. तिला आधीच सांगितलं होतं, पहिल्या तीन बॅचमध्ये किती पक्षी मरतात ते बघू, जास्त मेले तर चौथी मिळणार नाही. ही दुसरी बॅच होती. दोन दिवसांनी ट्रक यायचा होता.

पंखे जळाले तेव्हा तिनं आधी गावातल्या वायरमनला फोन लावला. तो लग्नात, वरातीत, फोन खिशात. मग तिनं फोनला तोंडानं विचारलं, 'पोल्ट्रीच्या पंख्याची मोटर दुरुस्ती'. नेमकं तेच, जे माझ्या जाहिरातीत एकेकाळी होतं. यादीत सगळ्यांत वर आली कुठली तरी 'दाराशी सेवा, चोवीस तास' वाली कंपनी. तिनं फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, मैम, पिनकोड बताइए. पिनकोड दिला. मग विचारलं, एसी कौन सी कंपनी का है. सुनंदा म्हणाली, एसी नाय, पंखा, कोंबड्यांचा. मुलगी म्हणाली, ओटीपी आया होगा. तासाभरात माणूस येईल असं सांगितलं. तास गेला. परत लावला तर दुसरी मुलगी, परत पिनकोड.

त्या कंपनीचंही पोतं होतं, साहेबांसारखंच. सगळ्या शब्दांवर दिसायचं आणि कुठंच जायचं नाही. मी मात्र इतकी नीटनेटकी, की जिथं जाता येत होतं तिथं दिसले नाही. आमच्या दुकानातून तिच्या शेडपर्यंत अर्धा तास लागतो. एक-सव्वाला काशिनाथ तिथं असता.

शेवटी तिनं एक मोटर खोलून घेतली, शेजाऱ्याचा टेंपो काढला आणि कर्जतकडं निघाली, तिथं कोणी तरी असेलच म्हणून. चारफाट्यावर शहाळीवाल्यानं आमचं दुकान दाखवलं. शहाळीवाल्याला मी कधी पैसे दिलेले नाहीत.

मोटर बघून काशिनाथनं ताट बाजूला सारलं. म्हणाला, तार भरायला उद्या संध्याकाळ होईल. सुनंदा मटकन पायरीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "मग मी हितंच बसते. घरी जाऊन काय बघू?"

आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. दुरुस्त होऊन पडलेली वस्तू मालक न्यायला येत नाही, तोवर ती दुकानाच्या उपयोगाची असते. एकाचा पंप आठवडाभर दुसऱ्याच्या विहिरीत राहून येतो, धुऊन पुसून मालकाला मिळतो, आणि मालक म्हणतो, वा, नव्यासारखा केलात. त्या दिवशी कोपऱ्यात नेरळच्या एका मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरातले दोन मोठे एक्झॉस्ट पंखे तयार होऊन पडले होते, चौकटीसकट. मालक संध्याकाळी न्यायला यायचा होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं लग्न होतं.

मी काशिनाथला म्हटलं, "ते उचल."

"मावशी, उद्या सहाशे पानं हायत त्यांच्याकडं."

"त्यांचा आचारी घामानं मरत नाय. उचल."

मिलिंद एका फार्महाऊसवर गेला होता, म्हणून दुसरं कोणी नव्हतं. दुकानाला कुलूप लावून मी टेंपोत चढले. का गेले विचाराल, तर दुकानात बसून फोन घ्यायला मला तोंड नव्हतं.

शेडचा आधी वास येतो, मग ती दिसते. त्या दिवशी आधी आवाज आला. तीन हजार कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात तो आवाज, वाळूत पाणी मुरतं तसा. पंख अंगापासून सोडलेले, माना ताणलेल्या. जे दोन पंखे चालू होते त्यांच्या पुढ्यात एकावर एक चढलेले पक्षी, आणि त्या ढिगात खालचे वरच्यांच्या वजनानं मेलेले. सुनंदाची सासू आणि शेजारच्या दोन बाया बारदानं भिजवून जाळीला बांधत होत्या, हातातल्या तांब्यानं पाणी शिंपडत होत्या. सासूनं आम्हाला बघून एवढंच विचारलं, आणलं का काय? आणि परत तांब्या भरला.

काशिनाथनं शिडी लावली. मी खाली उभी राहून चौकट धरली. सुनंदानं दुसरी बाजू धरली. तिच्या ओठावर घामाचे थेंब होते आणि ती सारखी पायाकडं बघत होती, पक्षी तुडवला जाऊ नये म्हणून. मला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. नंतर सांगायला हिंमत राहणार नाही.

मी म्हटलं, "सुनंदा, नेटवर आमी नव्हतो ते माझ्यामुळं. पोल्ट्री हा शब्द मीच बंद केला होता. कोंबड्या मागायचे म्हणून."

तिनं चौकट खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "मावशी, ते मागनं सांगा. आदी पाय उचला. पक्ष्यावर हाय तुमचा."

मी पाय उचलला. तो पक्षी मेलेलाच होता.

पहिला पंखा पावणेचारला फिरला, दुसरा सव्वाचारला. वारा लागला तसे पुढचे पक्षी आधी गप्प झाले. मला वाटलं मेले. काशिनाथ शिडीवरून म्हणाला, नाय मावशी, बरं वाटलंय त्यांना. मी रिकामं पोतं घेतलं आणि मेलेले वेचायला लागले. मेलेली कोंबडी जड लागते आणि हाताला गरम लागते. मी आयुष्यात पुष्कळ कोंबड्या सोलल्या, मला त्यांच्याविषयी काही वाटत नाही. तरी सातव्या पोत्याला मी मोजायचं सोडलं.

पाच वाजता कोंबड्यांच्या कंपनीचा सुपरवायझर मोटरसायकलवरून आला. त्यानं नाकाला रुमाल लावला, फोटो काढले. म्हणाला, मॅडम, पंख्याची देखभाल शेतकऱ्याची जबाबदारी असते, करारात आहे. सुनंदा म्हणाली, "तू धर की मग ही पोती. करारात नाय, पण हात हायत ना तुला?" त्यानं एक पोतं उचललं. तेवढं मी त्याच्या बाजूनं लिहिते.

मंगल कार्यालयाचा मालक संध्याकाळी दुकानाच्या कुलपाशी येऊन गेला आणि रात्री फोनवर मला जे बोलला ते दिवाळीच्या अंकात छापता येणार नाही. लग्न पंख्यांशिवाय झालं. वऱ्हाडाला काही कळलं नाही, आचाऱ्याला कळलं. तो मालक आता नेटवर आमच्या दुकानाला एक तारा देतो आणि खाली लिहितो, वस्तू सांभाळून ठेवत नाहीत. खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी मी यादी काढली आणि पोल्ट्री उडवलं, सगळ्या स्पेलिंगांसकट. पोल्ट्रीच्या पंख्यांचं वेगळं मडकं केलं. फक्त कर्जत आणि खालापूर, होळीपासून पाऊस लागेपर्यंत, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. त्यावर लिहिलं, 'पंखा बंद पडला असेल तर थेट फोन करा. तयार पंखा आणतो.' आचाऱ्यांसाठी 'भाव', 'विकत', 'गावठी' एवढेच शब्द बंद ठेवले, तेही फक्त त्या मडक्यापुरते. बाकीच्या सव्वाचारशे शब्दांतले शंभर एक मी परत सोडले. आचारी अजून फोन करतात. मी त्यांना नाही म्हणते, तोंडानं. त्याला वेळ लागतो, पण माणूस कोण आहे ते कळतं. दोन तयार पंखे दुकानात कायम ठेवलेत. आमचे स्वतःचे.

मिलिंदनं मला एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यानं दाखवलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

त्या कंपनीनं चौथीची वाटही बघितली नाही, सुनंदाला तिसरी बॅचच दिली नाही. पावसाळाभर शेड रिकामी होती, तिनं तिथं कोणाचं तरी गवत भरू दिलं. गणपतीनंतर दुसऱ्या एका कंपनीनं पिल्लं दिली, निम्मीच. तिच्याकडं आता माझा नंबर आहे. पंखा नीट असतानाही ती मधूनच फोन करते आणि विचारते, काय मावशी, हायत का आज नेटवर? मी ते ऐकून घेते.

त्या संध्याकाळची मोजणी सांगायची राहिली. सुपरवायझरनं मेलेले मोजले, सासूनं जिवंत मोजले, कारण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. दोघांचा आकडा सात पक्ष्यांनी चुकला, म्हणून परत मोजले. तीन हजार दोनशेपैकी एकोणीसशे चौसष्ट जगले.